वंशाचे सूर, शाळेचे सूर

डॉन आर्गॉट यांचा ‘रॉक स्कूल’ हा माहितीपट २००५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे पॉल ग्रीन नावाचे शिक्षक नऊ ते सतरा वर्षांच्या मुलांना रॉक संगीत शिकवितात, प्रसंगी त्यांच्यावर कडाडतात आणि अखेर जर्मनीतील एका महोत्सवात त्यांना श्रोत्यांपुढे उभे करतात, हा त्याचा विषय. बंडखोरीतून वाढलेले हे संगीत वर्गात शिकविता येईल काय, असा प्रश्न तो पाहताना पडतो. विद्या घराची की शाळेची, हा त्यामागचा मूळ प्रश्न मात्र आम्हां हैदराबादकरांच्या ओळखीचा आहे.

१८५७ मध्ये दिल्लीचा दरबार लयास गेला. बहादुरशहा जफर यांचे गवई तानरस खाँ पुढे निजामाच्या आश्रयास आले आणि कव्वाल-बच्चांची विद्या हैदराबादेत रुजली. मुलाने बापाजवळ, नातवाने आजोबांजवळ बसून ती उचलावयाची. नसीर व नझीर अहमद हे वारसी बंधू याच परंपरेतले. या रीतीने विद्या टिकली, यात संशय नाही. परंतु ज्याच्या घरी गाणे नव्हते, त्या पोराने कोणाचे दार ठोठवावे?

या प्रश्नाचे उत्तर पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून दिले. वर्ग, स्वरलिपी आणि छापील पुस्तके यांच्या योगे गाणे वंशाबाहेर पडले. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात सामील झाले आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९५२ साली, येथे सरकारी संगीत-नृत्य महाविद्यालय निघाले. राजाश्रयाची जागा शाळेने घेतली.

तथापि शाळेचे दार उघडले म्हणजे सारे साधले, असे नव्हे. घरी शिकणारा मुलगा मैफलीतच वाढतो. वर्गातला पुष्कळदा परीक्षेपाशीच थांबतो. गोव्याच्या पारोकियाल शाळांत ही उणीव नव्हती. तेथे मेस्त मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवी आणि तीच मुले चर्चच्या गायनवृंदात उभी राहत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे अशाच एका वृंदप्रमुखाचे पुत्र. पुढे मुंबईत प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचे शिष्य झाले.

पॉल ग्रीन यांच्या मुलांची परीक्षाही श्रोत्यांपुढेच होते. आमच्या नगरातील संगीतशाळांना म्हणूनच आमचे एवढे सांगणे आहे: परीक्षेचा दाखला अवश्य द्यावा, पण त्याआधी मुलाला चार माणसांसमोर बसवून गाऊ द्यावे, आणि चुकूही द्यावे.