प्लुटोची रेघ कोणी गिरवली?

मिकी माऊस आणि त्याचा कुत्रा प्लुटो आपल्या पोरांना टीव्हीमुळे चांगलेच ठाऊक आहेत. आज आम्ही त्यांच्या एका जुन्या कार्टूनपटाबद्दल बोलणार आहोत, आणि त्यामागे राबलेल्या बायकांबद्दलही.

1934 साली अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने 'प्लेफुल प्लुटो' हा कृष्णधवल कार्टूनपट काढला. साधारण आठ मिनिटांचा. मिकी अंगणातला पालापाचोळा गोळा करतोय आणि प्लुटोला मात्र खेळायचंय. पुढे तो चक्क बॅटरी गिळतो. मग माश्यांसाठी ठेवलेला चिकट कागद त्याला चिकटतो. इथून सोडवावा तर तिथे चिकटतो! प्लुटो थांबतो, विचार करतो, नवी युक्ती लढवतो. हा प्रसंग नॉर्मन फर्ग्युसन यांनी रेखाटला. कार्टूनमधलं मुकं जनावर विचार करताना दिसतं, म्हणून अभ्यासक आजही त्याचं कौतुक करतात.

पण फर्ग्युसन यांची चित्रं होती कागदावर, पेन्सिलीची. त्यातलं एकेक चित्र पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवायचं आणि पत्रा उलटा करून आत रंग भरायचा, हे काम बायकांचं. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. आठ मिनिटांचा हिशोब करा, साडेअकरा हजार होतात. एकच चित्र दोन चौकटींना वापरलं तरी हजारो चित्रं हातानेच गिरवायची. हात जरा हलला की पडद्यावर रेघ थरथरणार.

या विभागाच्या प्रमुख हेझल सेवेल. त्यांची बहीण लिलियन हीसुद्धा आधी हेच काम करायची. 1925 साली तिचं वॉल्ट डिस्नेंशी लग्न झालं.

त्या काळी छोट्या कार्टूनपटावर नाव झळकायचं ते डिस्नेंचं. फर्ग्युसन यांचं नाव पुढे पुस्तकांत तरी आलं. गिरवणाऱ्या बहुतेक बायकांचं कुठेच आलं नाही. 1938 मध्ये नोकरी मागणाऱ्या एका मुलीला स्टुडिओने कळवलं, की कल्पकतेचं काम फक्त तरुण पुरुष करतात, मुलींसाठी शाई आणि रंग. 1941 साली स्टुडिओत मोठा संप झाला, त्यात बायकाही उतरल्या. 1942 च्या 'बॅम्बी'त रेटा स्कॉट यांचं नाव ॲनिमेटर म्हणून पडद्यावर आलं. डिस्नेच्या स्टुडिओत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

मैत्रिणींनो, बचत गटात आपण पै-पैचा हिशोब लिहितो. पापड कोणी लाटले, मसाला कोणी कुटला, हे मात्र वहीत राहून जातं. पैशाच्या शेजारी कामाचं आणि करणारीचं नावही लिहूया. पुढच्या बैठकीत वही उघडाल, तेव्हा एक रकाना त्यासाठी जरूर आखा.