नोकरी सांभाळून जपलेले सूर

आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "सिंगापूरहून काहीतरी लिहून पाठवा" असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही इतिहासकार नाही, आणि गवई तर मुळीच नाही. जहाज कंपनीच्या हिशेबखात्यात उमेदीची वर्षे घालवलेले आणि शनिवारी रात्री हार्मोनियम पुढ्यात ओढणारे आम्ही एक हौशी गृहस्थ. पण मग मनात आले, की आपल्या समाजाचे गाणे आजवर सांभाळले कोणी? पोट भरण्यासाठी गाणाऱ्या कलावंतांनी नव्हे, तर आमच्यासारख्याच नोकरदारांनी. त्या नोकरदारांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

बेने इस्राएल समाजात मराठी कीर्तनाची सुरुवात १८८० साली मुंबईत झाली. डेव्हिड हाईम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी मंडळींनी त्यात पुढाकार घेतला. आपल्या शेजारच्या हिंदू बांधवांचे कीर्तन त्यांनी पाहिले होते. साकी, दिंडी, आर्या, ओवी ही वृत्ते त्यांच्या कानात लहानपणापासून होती. त्याच साच्यात त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने बसवली. हिब्रू न समजणाऱ्या आयाबहिणींना तोराहची कथा प्रथमच आपल्या बोलीत, गाण्यातून, पोटभर ऐकायला मिळाली.

ते साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. अण्णासाहेबही कचेरीतलेच गृहस्थ. रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करता करता त्यांनी नाटक उभे केले. म्हणजे मराठी नाट्यसंगीत काय आणि आपले कीर्तन काय, दोघांचा जन्म कचेरी सुटल्यानंतरच्या वेळात झाला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आपली तेव्हाची माणसे कुठे नोकरीला होती, हे वाचकांना सांगायला नको. रेल्वे, पोस्ट, पलटण, गिरणी, इस्पितळ, सरकारी कचेऱ्या. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपण 'शनवार तेली'. पण मुंबईत नोकरी धरली आणि शनिवार धन्याच्या हाती गेला. बरे, रविवार तरी सगळ्यांना होता काय? मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. त्याच्या आधी दहा वर्षे आपले कीर्तन सुरू झाले होते. ज्यांना आठवड्याला एक हक्काचा दिवसही नव्हता, अशा लोकांमध्ये ही मंडळी पदे रचत होती, तालमी घेत होती. आज "वेळ मिळत नाही" असे म्हणताना आम्हाला हे आठवते आणि थोडी लाज वाटते.

पुढच्या काळातही हीच परंपरा चालली. दिल्लीच्या समाजाचे पुढारी कै. एझ्रा कोलेट यांचे नाव आपणांपैकी पुष्कळांना माहीत असेल. केंद्र सरकारच्या सेवेतले ते मोठे अधिकारी. जुडाह हयाम सिनेगॉगची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि शिवाय ते व्हायोलिन वाजवीत. दिल्ली सिंफनी सोसायटीच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. नोकरी, समाज आणि व्हायोलिन या तिन्ही गोष्टी एका आयुष्यात बसतात, हे त्यांनी दाखवून दिले.

हार्मोनियमचेच पाहा. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली या वाद्याला बंदी केली. श्रुती नीट लागत नाहीत, मींड निघत नाही, असा आक्षेप होता. ती बंदी १९७१ साली सैल झाली. मधली तीस वर्षे हार्मोनियम घराघरांतल्या हौशी माणसांनी वाजते ठेवले. आमच्या वडिलांची पेटी त्याच काळातली. ते पोस्टात होते. पेटी पलंगाखाली असे. जेवणे झाली, भांडी घासून पालथी पडली, की ती बाहेर निघे.

तीच पेटी घेऊन आम्ही १९८६ साली नोकरीनिमित्त सिंगापूरला आलो. इथे यहुदी समाज जुना आहे. वॉटरलू स्ट्रीटवरचे मागेन आबोथ सिनेगॉग १८७८ सालचे, आणि ऑक्स्ली राइजवरचे सर मनासे मेयर यांनी बांधलेले हेसेद एल १९०५ सालचे. समाज मूळचा बगदादी. सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल याच समाजातले. प्रार्थना तीच, शब्द तेच, पण चाली बगदादच्या. पहिल्या शब्बाथला आम्ही सवयीने आमच्या चालीत सूर लावला आणि शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी हसून मान वळवली. त्यात राग नव्हता. पण त्या दिवशी आम्हाला कळले, की गावाकडच्या चाली आता फक्त आमच्या घरातच राहणार आहेत. आम्ही गायलो नाही तर या बेटावर त्या कोणी गाणार नाही.

गायचे म्हटले तर वेळेचा प्रश्न आलाच. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे इथे सूर्य बारा महिने पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो. १ जानेवारी १९८२ पासून इथली घड्याळे अर्धा तास पुढे केली, म्हणून इतका उशीर. त्याआधी हाच सूर्यास्त सव्वासहा ते पावणेसातला होई. मुंबईत मार्गशीर्षात सहाला अंधार आणि आषाढात सव्वासातला, तशी कमीजास्त इथे नाही. हवदाला होऊन वाद्याला हात लावायला पाऊणेआठ वाजतात. सरकारी घरांच्या इमारतींत रात्री साडेदहानंतर आवाज करू नये असा तेव्हा दंडक होता. म्हणजे शनिवारी आमच्या वाट्याला पावणेतीन तास. त्यातच जेवण, त्यातच मुलांचा अभ्यास, त्यातच गाणे.

त्या काळी इथल्या कचेऱ्याही शनिवारी अर्धा दिवस चालत. सरकारी नोकरांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो २००४ साली. खाजगी कचेऱ्या आपापल्या सवडीने मागून आल्या. आम्ही सुरुवातीची कित्येक वर्षे शनिवारी सकाळी कामावर गेलो, हे कबूल करतो. मुंबईच्या पूर्वजांनी केले तेच आम्ही केले. दिवस धन्याला दिला आणि रात्र आपल्याकडे ठेवली.

असे करणारे आम्ही एकटे नव्हतो, हे हळूहळू लक्षात आले. सिंगापूरचा पगारी सिंफनी वाद्यवृंद १९७९ साली सुरू झाला. त्याआधी इथले वाद्यवृंद बहुतांशी हौशी वादकांवरच चालत. भारतीय संगीतनृत्य शिकवणारी सिंगापूर इंडियन फाइन आर्ट्स सोसायटी १९४९ सालची; पीपल्स असोसिएशनचा भारतीय वाद्यवृंद १९८५ सालचा. पीपल्स असोसिएशनची स्थापना १९६० सालची, आणि त्यांच्या कम्युनिटी सेंटरांत संध्याकाळी सहाचा गणवेश उतरवून आलेली माणसे गाताना, वाजवताना दिसतात. आमच्याच मजल्यावरचे एक चिनी आजोबा तिथे अर्हू वाजवीत. ते आमच्या पेटीचा आवाज ऐकून एकदा दाराशी आले. आम्ही मनात म्हटले, तक्रार आली. पण त्यांनी विचारले, की दमट हवेत तुम्ही वाद्य कसे जपता? पेटीच्या पट्ट्या फुगतात, तबल्याचे कातडे सैल पडून सूर उतरतो, हे आमचे दुखणे त्यांचेही होते. पुढे त्यांच्या नातीची सहावीची परीक्षा आली, तेव्हा त्यांनी न सांगता आम्ही तीन महिने नऊ वाजता पेटी बंद केली. त्यांनी ते ओळखले. परीक्षा झाल्यावर संत्र्यांची पिशवी आली.

घरातले मात्र इतके सोपे नव्हते. हौशी माणसाची हौस कोणाच्या तरी खांद्यावर उभी असते, ही गोष्ट आपल्या इतिहासात कुठे लिहिलेली नाही. शनिवारी चार मराठी मंडळी आमच्याकडे जमत. आमच्या घरून एकदा स्पष्ट ऐकवण्यात आले, "तुमची तालीम म्हणजे माझा चहा, माझी भांडी आणि मुलीचं राहिलेलं गणित. शब्बाथला मी विसावा घ्यायचा, तर शुक्रवारी दुप्पट काम करते. आणि शब्बाथ सुटला की पुन्हा तुमची पेटी." उत्तर द्यायला आमच्याकडे काही नव्हते. आम्ही रागाने पेटी फडक्यात गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. ती तिथे सहा वर्षे राहिली. त्या सहा वर्षांत मुलीचे गणित सुधारले, हेही खरे, आणि ती आपल्या आजोबांचे एकही पद न शिकता मोठी झाली, हेही खरे.

वडील वारले तेव्हा त्यांची कीर्तनाची वही आमच्याकडे आली. ती उघडली आणि पोटात धस्स झाले. वहीत सत्तावीस पदे, सुवाच्य अक्षरात. प्रत्येक पदाच्या डोक्यावर चाल दिलेली. आपल्या जुन्या छापील पदसंग्रहांतही हीच पद्धत. सूरलेखन नसे, एखाद्या नाटकातल्या गाण्याचे पहिले दोन शब्द लिहून 'चाल' म्हणायचे. तेव्हा ती गाणी सर्वांच्या तोंडी होती, म्हणून तेवढ्यावर भागे. आज ते मूळ गाणेच कोणाला येत नाही. काही पदांवर तर नुसते 'चाल : सदर' एवढेच होते, आणि आधीचे पान फाटलेले. शब्द सगळे हातात आणि गाणे मात्र गेलेले, असा तो प्रकार.

ती वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली असताना आमच्या सौभाग्यवती डाळ फोडणीला टाकत होत्या. एका पदाचे शब्द त्यांनी वाचले आणि सहज गुणगुणल्या. त्यांच्या आईच्या तोंडी ते मेंदीच्या रात्री असे. आम्ही थक्क झालो. वीस वर्षे ज्यांच्या चहावर तालीम चालली, त्यांना आम्ही एकदाही "तुम्हाला काय येते?" असे विचारले नव्हते. पेटी कपाटावरून खाली आली. तेव्हापासून ठरले, की शनिवारी चहा आम्ही करायचा आणि गायचे दोघांनी. इस्रायलमध्ये आज आपली मराठी गाणी टिकून आहेत त्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. याचे नवल आम्हाला आता वाटत नाही.

सत्तावीसपैकी दोन चाली सौभाग्यवतींनी दिल्या. पाच आम्हाला वडिलांच्या तोंडच्या आठवत होत्या. लोदला राहणाऱ्या एका मावशींनी टेलिफोनवर तीन गाऊन दाखवल्या. मध्येच खोकला आला, पाणी प्यायल्या, पुन्हा पहिल्यापासून गायल्या. मंडळातल्या नाट्यसंगीताच्या जाणकारांनी आणखी सहा शोधून दिल्या. एकूण सोळा. अकरा पदे अजून मुकी आहेत.

हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो तेल अवीवला छापून निघाला १९३७ साली. चाळीस वर्षे तो कागदावर वाट पाहत राहिला आणि तरी त्यातला शब्द हरवला नाही. चाल अशी चाळीस वर्षे थांबत नाही. ती ज्याच्या गळ्यात आहे त्याच्याबरोबर जाते. म्हणून ही स्मरणिका जिथे जिथे पोहोचेल, मग ते ठाणे असो, अश्दोद असो, दिमोना असो की बेअरशेबा, तिथल्या वडीलधाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या घरची वही काढा. चाल आठवत असेल तर नातवंडाला बोलवा, त्याच्या हातातल्या टेलिफोनवर ती गाऊन ठेवा. आवाज थरथरला तरी चालेल, सूर उतरला तरी चालेल. आपण कुठे गवई आहोत? आपले पूर्वजही नव्हते. कचेरी सुटल्यावर, भांडी पालथी पडल्यावर, जो तासभर उरे त्यात ते गात होते. तेवढा तास आपल्याकडेही आहे.

आणि तो तास ज्यांच्यामुळे मिळतो, त्यांनाही एकदा विचारून पाहा. चाल कदाचित स्वयंपाकघरातच असेल.

सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त सर्व समाजबांधवांना सिंगापूरहून आमचा दोघांचा शालोम.