चाळीस रुपयांच्या पाण्यापासून इंदू मिलपर्यंत



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा कार्यकारिणीनं आमच्याकडं इतिहासाचा लेख मागितला. आम्ही काही प्राध्यापक नाही. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण गिरणीच्या तिसऱ्या पाळीत, जेवणाच्या सुट्टीत पुस्तक मांडीवर घेऊन झालं. तरी विषय आम्हीच सुचवला. विहाराशेजारच्या नियोजित सभागृहाचा वाद गेली दोन वर्षे बैठकांमध्ये गाजतो आहे. पैसा कुणाचा घ्यायचा, जागा कुणाच्या नावावर करायची, हिशेब कुणी ठेवायचा? समाजाला परिषद भरवायला स्वतःची जागा असावी, ही धडपड आपल्याकडं शंभर वर्षांची आहे, आणि हे तिन्ही प्रश्न तेव्हापासून तिच्या पाठीला लागलेले आहेत.

ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे गेलं की महाड काही फार लांब नाही. तिथं १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळं गावात, पण त्याचं पाणी आपल्या माणसांना बंद. म्हणून परिषदेला आलेल्या हजारो लोकांसाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं! परिषदेच्या खर्चात पाण्याची रक्कम मांडावी लागली, यापेक्षा त्या काळाचं वर्णन वेगळं काय करायचं? सत्याग्रहानंतर मंडपावर हल्ला झाला, अन्नात माती कालवली गेली. पुढं डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा मंडपाला जागा द्यायला गावातला कुणी हिंदू तयार होईना. शेवटी फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थानं आपली जमीन दिली. गावातले व्यापारी माल देईनात, तर शिधा बाहेरून आणावा लागला. मनुस्मृतीचं दहन झालं ते २५ डिसेंबर १९२७ ला, या उसन्या जागेत. फत्तेखानाचं नाव आपल्या भाषणांतून फारसं येत नाही. ते यायला हवं असं आम्हाला वाटतं.

मुंबईतही त्याआधी तीच गत होती. बहिष्कृत हितकारिणी सभेसाठी ९ मार्च १९२४ ला बैठक झाली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या संस्थेच्या सभागृहात. ती माणसं चांगली होती, हे मान्य. पण हॉल दुसऱ्याचा तो दुसऱ्याचाच. म्हणून चाळीसच्या दशकात बाबासाहेबांनी मुंबईत समाजाच्या स्वतःच्या वास्तूसाठी इमारत फंड उभारला, दादरला गोकुळदास पास्ता लेनमध्ये जागा झाली, पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला. त्या फंडात कोणाचे पैसे होते? गिरणीतल्या, गोदीतल्या, रेल्वेतल्या आणि झाडूखात्यातल्या माणसांचे. बीडीडी चाळीतली म्हातारी माणसं आम्हाला सांगायची की पगाराच्या दिवशी पावती फाडल्याशिवाय घरी जायचं नाही, असा दंडकच होता. या जागेवर छापखाना चालला, सभा झाल्या, लग्नं लागली. दिसायला आंबेडकर भवन म्हणजे साधी वास्तू. पण तिथं शिरताना कुणाची परवानगी काढावी लागत नव्हती!

आणि ते भवन २५ जून २०१६ च्या पहाटे पाडलं गेलं. इमारत धोकादायक झाली, नवी मोठी बांधायची आहे, असं ट्रस्टच्या बाजूनं सांगण्यात आलं. ट्रस्टी खरे कोण, हा अधिकार त्यांना कुणी दिला, असा सवाल दुसऱ्या बाजूनं झाला. १९ जुलैला भायखळ्याहून प्रचंड मोर्चा निघाला. आम्ही त्यात होतो, पावसानं चिंब झालो होतो. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा आम्ही या लेखात करणार नाही. एवढं मात्र दिसलं की लोकांनी पै पै जमवून उभं केलेलं भवन कागद कुणाच्या हातात आहेत यावर उभं राहतं किंवा पडतं.

आता दिल्लीचं उदाहरण घेऊ. बाबासाहेबांची जन्मशताब्दी १९९०-९१ मध्ये साजरी झाली, त्यातून मार्च १९९२ मध्ये केंद्र सरकारच्या कल्याण खात्याखाली डॉ. आंबेडकर प्रतिष्ठान स्थापन झालं. जनपथावर बाबासाहेबांच्या नावाचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि केंद्र करायचं ठरलं. जागा मध्यवर्ती, पैसा सरकारचा. काम झटक्यात व्हायला पाहिजे होतं. पण पायाभरणी व्हायला २० एप्रिल २०१५ उजाडला! तेवीस वर्षांत किती सरकारं आली आणि गेली, ते मोजायची गरज नाही. त्यात सगळ्या रंगांचे झेंडे होते. एकदा मनावर घेतल्यावर मात्र अडीच-पावणेतीन वर्षांत वास्तू उभी राहिली. ७ डिसेंबर २०१७ ला लोकार्पण झालं. सव्वातीन एकर जागा, खर्च सुमारे १९५ कोटी. लाल दगड, सांचीच्या तोरणाची आठवण देणारी कमान, आत परिषदांसाठी सभागृहं, ग्रंथालय, संशोधनाची सोय. आम्ही ते पाहून आलो आहोत. छाती भरून आली, खोटं कशाला बोला. मात्र तिथं सभा घ्यायची तर अर्ज, नियम आणि भाडं.

इंदू मिलची गोष्ट आम्हाला जास्त जवळची, आणि ती मुळशीपासून सुरू करावी लागते. ऐकायला नवल वाटेल. टाटांच्या धरणानं मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचं नाव त्यानं घरोघर गेलं. धरण थांबलं नाही. पाणी डोंगराखाली भिऱ्याच्या वीजघरात पडायला लागलं आणि १९२७ पासून ती वीज मुंबईला, गिरण्यांना जाऊ लागली. त्याच साली महाडला पाणी विकत घेतलं जात होतं! लढ्याच्या इतिहासात जमीनमालक, सावकार, मावळे, पुढारी सगळे भेटतात. बुडालेल्या महारवाड्यांची नोंद शोधून शोधून चार ओळींची सापडते. आमचे आजोबा त्या महारवाड्यातले. वडील पुढं गिरणीत लागले. मुळशीच्या पाण्यानं मुंबईचे माग फिरले आणि ते चालवायलाही मुळशीचीच माणसं गेली.

चैत्यभूमीला लागून इंदू मिल होती, इंडिया युनायटेड मिल नंबर सहा, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. सहा डिसेंबरला लाखो माणसं यायची आणि बंद गिरणीच्या भिंतीला टेकून रात्र काढायची. भिंतीपलीकडं साडेबारा एकर रिकामं, अलीकडं लेकरं फुटपाथवर! ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते आत शिरले आणि ठाण मांडून बसले. जवळजवळ एक वर्षानं, ५ डिसेंबर २०१२ ला, जमीन स्मारकाला देण्याची घोषणा संसदेत झाली. भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ ला, जमीन राज्याच्या हाती २०१७ मध्ये. जमिनीच्या बदल्यात महामंडळाला विकास हक्क, म्हणजे टीडीआर द्यायचं ठरलं. बांधकाम एमएमआरडीएकडं. आराखड्यात पुतळ्याबरोबर परिषदांचं सभागृह, ग्रंथालय, संशोधन केंद्र आणि विपश्यना केंद्र. पुतळ्याची उंची २५० फुटांवरून ३५० करायचा निर्णय जानेवारी २०२० मध्ये झाला, शिवाय खाली शंभर फुटांचा चौथरा. खर्च साडेसातशे कोटींच्या पुढून हजार कोटींच्या वर गेला. लोकार्पणाच्या तारखा किती वेळा पुढं ढकलल्या, ते आम्ही वहीत मांडत होतो, मग सोडून दिलं. पुतळ्याच्या उंचीवर जेवढी चर्चा झाली, त्याच्या दहावा हिस्सा चर्चा सभागृह कुणाला, किती भाड्यानं आणि कुणाच्या सहीनं मिळणार यावर झाली असती, तर आम्हाला बरं वाटलं असतं.

लोकवर्गणी म्हणजे सगळं धुतल्या तांदळासारखं, असंही नाही. आमच्या गिरणीच्या गेटवर एका संघटनेसाठी आम्हीच तीन पावतीपुस्तकं फाडली होती. भवन बांधायचं होतं. पुस्तकं जमा केली, पैसे जमा केले, पुढं भवनही नाही आणि हिशेबही नाही. त्यानंतर कित्येक वर्षं पगाराच्या दिवशी सोबत्यांच्या नजरेला नजर देववत नव्हती.

आता आपल्या विहाराबद्दल. हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्यापासून मुळशीत गुंठ्याचा भाव काय झाला, ते सांगायला नको. एक बिल्डर सभागृह फुकट बांधून देतो म्हणतो. बदल्यात मागच्या बाजूनं रस्ता पाहिजे. आमदार निधीतून करायचं म्हटलं तर वास्तू बहुधा ग्रामपंचायतीच्या ताब्यात राहणार, कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची. तिसरा मार्ग वर्गणीचा. तो हळूहळूचा आहे, आणि आमचं मत त्याच बाजूला आहे. यंदा नुसता पत्र्याचा मंडप झाला तरी चालेल. दर महिन्याच्या पौर्णिमेला जमाखर्च फळ्यावर लिहायचा, पावतीपुस्तकाचे नंबर वाचून दाखवायचे.

पण त्याआधी एक काम उरलेलं आहे. ज्या आजीनं ही जागा दिली, त्या वारून वीस वर्षं होत आली. दान तोंडी झालं. सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे, धर्मादाय कार्यालयातल्या आपल्या ट्रस्टच्या नोंदीत ही जागा नाही. वारसनोंद होऊन ट्रस्टच्या नावे बक्षीसपत्र झाल्याशिवाय एक वीटही रचू नये, असं आम्ही बैठकीत सांगितलं. सहा वारसांपैकी चौघे सहीला तयार आहेत. दोघे मुंबईला असतात, एक नायगावात आणि एक विक्रोळीला. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघतो आहोत. जुन्या पंचांपैकी ज्यांच्यासमोर आजींनी शब्द दिला होता, त्यांनी बरोबर यावं, तिकिटाचा खर्च आमच्याकडं.