नाणेघाटातली पावले

भाऊबीजेला जुन्नरला आत्याकडे जायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. वडील गेल्यापासून तो मी चालवतो. आत्याला भाऊ उरला नाही, भाचा आहे. ताट तेच, निरांजन तेच आणि ओवाळून झाल्यावर "एवढे कशाला रे?" हा प्रश्नही तोच. एरव्ही मी कल्याणहून माळशेज घाटाच्या एस.टी.ने जातो. गेल्या वर्षी मात्र मनाने घेतले, की दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातला माल ज्या वाटेने जुन्नरला चढत होता, त्याच वाटेने आपणही एकदा चढून जावे. आत्याला तसे कळवले. ती म्हणाली, "तू खालून ये, मी वरून येते. जन्म गेला जुन्नरात, पण नाणेघाट काही पाहिला नाही." जुन्नरकडून घाटघरमार्गे मोटार थेट घाटमाथ्यापर्यंत जाते. तेव्हा ठरले, की भेटायचे ते वर, राणीच्या लेण्यात.

वैशाखऱ्याच्या पुढे एस.टी.तून उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. समोर सह्याद्रीची भिंत उभी होती, आणि तिच्यातून एक प्रचंड कडा अंगठ्यासारखा आभाळात घुसलेला. त्यालाच नानाचा अंगठा म्हणतात. या घाटाची एक लोककथा आहे. नाना आणि गुणा या दोघांनी घाट बांधायची पैज घेतली. नानाचा घाट आधी पुरा झाला, गुणाचा मागे राहिला. कथा गोड आहे. पण घाट खोदणाऱ्यांचे हात दोनच नसणार, हे पहिल्या तासाभरातच माझ्या गुडघ्यांनी मला पटवून दिले. आधी रानातून हलका चढ, मग दगडधोंड्यांची नाळ, आणि मग मधूनमधून कातळात खोदलेल्या पायऱ्या व फरसबंदीचे तुकडे. इतकी वर्षे पावसाचे लोट अंगावर घेऊनही ते जागचे हललेले नाहीत. सोनकीची पिवळी फुले अजून तग धरून होती. वाटेत भेटलेल्या एका गुराख्याने माझ्याकडे पाहून एवढेच विचारले, "गाडी वरपर्यंत जाते, ठाऊक नाही का?"

या वाटेचे महत्त्व नकाशावर बोट ठेवले की ध्यानात येते. खाली कोकणात कल्याण आणि सोपारा ही बंदरे, वर जुन्नर, आणि तिथून पुढे सातवाहनांची राजधानी पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेले समुद्रप्रवासाचे टिपण आज 'पेरिप्लस' या नावाने ओळखले जाते. त्यात कल्याणही आहे आणि पैठणही. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतल्या काही लेखांत स्वतःला यवन म्हणवणाऱ्या दात्यांची नावे आहेत. हे परके लोक हवेतून तर आले नसतील! घाटावर दाब ठेवायला चहूकडे किल्ले आहेतच. जीवधन अगदी शेजारी, मग चावंड, हडसर, आणि जुन्नरच्या उशाला शिवनेरी. १८१८ मध्ये इंग्रजांनी जीवधन घेतला आणि त्याच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. ती जखम आजही दिसते.

साडेदहाच्या सुमारास लेण्यापाशी पोहोचलो. शेजारच्या टाक्यांतले गार पाणी प्यालो आणि आत पाहतो तो आत्या आधीच येऊन बसलेली. चिवड्याचा डबा उघडलेला, पण लक्ष भिंतीकडे. नातू बाहेर उभा राहून छायाचित्रे काढत होता. "अरे, हे सगळे काय लिहिलंय?" तिने माझ्या चढून येण्याची चौकशीही केली नाही.

मी मास्तरकी करू लागलो. डाव्या भिंतीवर दहा ओळी, उजव्या भिंतीवर दहा ओळी. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, आणि काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. कोणी तो आणखी थोडा मागे नेतात. सुरुवातीला धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, चंद्रसूर्यांना आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना वंदन आहे. पुढे राणी स्वतःविषयी सांगते. आपण एका महारठीची कन्या, राजाची पत्नी, वेदिसिरी आणि सतिसिरी यांची माता. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. यावरून नवरा वारल्यानंतर मुले लहान असताना तिने राज्य सांभाळले असावे, असे अभ्यासक मानतात. आणि मग सुरू होते यज्ञांची यादी. अश्वमेध, तोही दोनदा, आणि इतर कितीतरी. प्रत्येकापुढे दक्षिणा लिहिलेली. गाई, घोडे, हत्ती, रुप्याचे घडे, वस्त्रे, गाव, कार्षापण नाणी. गाई कुठे ११०१, कुठे १०,००१. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण.

"म्हणजे ही तिची वही की!" आत्या म्हणाली.

खरोखर वहीच. तीसुद्धा अशी, की तिचे आकडे जगाने जपून ठेवावेत. इथले अंक हे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी आहेत. शून्य अजून नव्हते, दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी चिन्हे होती. पण एकम स्थानच्या काही खुणा पाहताना आपल्या आजच्या अंकांचे पूर्वज समोर उभे असल्यासारखे वाटते. परवाच लक्ष्मीपूजनाला आमच्या कल्याणच्या दुकानदारांनी लाल वह्यांची पूजा केली होती. त्या वह्यांतल्या आकड्यांचे कूळ शोधत गेले, तर ते या भिंतीपर्यंत येऊन पोहोचते.

आणि जागा तरी कोणती निवडली? देऊळ नव्हे, राजवाडा नव्हे. घाटाची खिंड! बैल दमलेले, माणसे दमलेली, पुढे जकात चुकती करायची, तोवर सावलीत बसायचे. जवळच एकाच दगडातून कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सांगतात. मला हे थोडे अवघड वाटते, कारण उघड्या रांजणावर रात्री पहारा ठेवणाऱ्यावर पहारा कोण ठेवणार? ते असो. राणीला वाचक हवे होते, आणि ते इथे रोज, रांगेने, सक्तीने मिळत होते.

या लेखाकडे आधुनिक काळात लक्ष वेधले ते कर्नल साइक्स यांनी, १८२८ च्या सुमारास. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्याचे वाचन नीट बसवले. कातळ झिजून पडल्याने ओळी जागोजाग तुटल्या आहेत, आणि त्या तुटण्यात एक दुर्दैवी गोष्ट घडली आहे. मुलांची नावे राहिली, यज्ञांची राहिली, गाईंचे आकडे राहिले. पण स्वतः राणीचे नाव या दोन भिंतींवर आज कुठेही शाबूत नाही.

"मग ती कोण, हे कसं कळलं?" आत्याने विचारले.

मी तिला मागच्या भिंतीपाशी नेले. तिथे एके काळी सातवाहन कुळाच्या पुरुषभर उंचीच्या मूर्ती होत्या. सगळ्या नष्ट झाल्या. खाली कुठे कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण वरच्या पाट्या आहेत. राजा सिमुक सातवाहन. देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी. कुमार भाय. महारठी त्रणकयिर. कुमार हकुसिरी. कुमार सातवाहन. या पाट्यांवरूनच भिंतीवरली राणी म्हणजे नायनिका, अर्थात नागनिका, असे ठरवले गेले. पुढे जुन्नरच्या बाजूला चांदीची नाणी सापडली. त्यांवर सातकर्णीबरोबर तिचेही नाव आहे.

आत्या बराच वेळ त्या पावलांच्या खुणांकडे पाहत होती. मग म्हणाली, "तुझ्या आईचं माहेरचं नाव माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हते. साठी ओलांडलेला मनुष्य मी. सनावळ्या पाठ, सातवाहनांची वंशावळ पाठ. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले, की जुने नाव माहेरीच राहते, हा आपल्याकडचा प्रघात. मामा लवकर गेले, आजोळ मोडले, आणि त्या नावाने आईला हाक मारणारे कोणी उरले नाही. तिच्या शाळेच्या दाखल्यावर ते असेलही, पण तो दाखला मी कधी पाहिला नाही. आणि मुख्य म्हणजे कधी विचारलेही नाही.

"मी सात वर्षांची होते," आत्या सांगू लागली. "वहिनी उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आली आणि मी तिला नाव विचारलं. तिनं जुनंच सांगितलं. मग जीभ चावली. पुढं आम्ही दोघीच असलो, की मी त्याच नावानं हाक मारायची. तुझ्या वडिलांनासुद्धा कधी कळू दिलं नाही."

तिने ते नाव उच्चारले. मी ते इथे छापत नाही. त्या दोघींचे गुपित होते, आणि आत्या हा अंक वाचते. मी मात्र खिशातल्या टाचणवहीत, २४,४०० च्या खालच्या ओळीत, ते लिहून घेतले.

बाहेर नातवाने मोटारीचा भोंगा वाजवला. आत्याने चिवड्याचा डबा बंद केला, लेण्यातले कोणीतरी टाकलेले दोन कागद उचलून पिशवीत घातले आणि माझा हात धरून पायऱ्या चढू लागली. घाटघरच्या अलीकडे जीवधनची सावली रस्त्यावर आली होती. ओवाळायची वेळ संध्याकाळची, आणि करंज्या अजून तळायच्या राहिल्या आहेत, असे तिला तिथे आठवले.