पास की मेरिट? कॅनडाच्या गुणपद्धतीची गोष्ट

२३ मे १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोहोचले. ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. सगळे ब्रिटिश बादशहाचेच प्रजाजन. पण कॅनडाने १९०८ साली नियम केला होता की, मायदेशातून वाटेत कुठेही न थांबता आलेल्यालाच उतरू द्यायचे. हिंदुस्थानातून तसा थेट प्रवास शक्यच नव्हता. नियमात वंशाचा शब्द नव्हता, गरजही नव्हती. दोन महिने अडवून ठेवून बहुतेकांना त्याच जहाजातून परत पाठवले.

१९५१ साली भारताला वर्षाला १५० आणि पाकिस्तानला १०० जागा मिळाल्या. १९६२ मध्ये वंशाची अट निघाली. तरी लायक कोण, हे बरेचसे समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवरच राहिले.

ही मर्जी आवरण्यासाठी १ ऑक्टोबर १९६७ पासून गुणपद्धती आली. तिच्यामागे स्थलांतर खात्याचे तेव्हाचे सचिव टॉम केंट होते. एकूण गुण १००, उत्तीर्ण होण्यासाठी ५०. शिक्षणाला २०, व्यवसायाच्या मागणीला १५, वयाला १०, इंग्रजी-फ्रेंचला १०. आणि हो, अधिकाऱ्याच्या ‘व्यक्तिगत मूल्यमापना’ला १५! म्हणजे शिक्षणापेक्षा फक्त पाच कमी. मर्जी गेली नाही, तिला रकाना मिळाला. तरीही कराची किंवा मुंबईच्या इंजिनिअरला आपला हिशेब प्रथमच कागदावर मांडता आला, हे मोठेच काम झाले. पुढे आशियातून जाणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले.

मात्र ती पासाची परीक्षा होती. जानेवारी २०१५ पासून ‘एक्स्प्रेस एंट्री’ आली आणि परीक्षेची मेरिट यादी झाली. आता गुण १२०० पैकी. पात्र उमेदवार एका यादीत राहतात, ठरावीक काळाने वरचे काही उचलले जातात आणि शेवटच्या निवडलेल्याचे गुण हीच त्या दिवसाची पासाची रेषा. एखाद्या प्रांताने नाव सुचवले तर एकदम ६०० गुण. एकट्या अर्जदाराला विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण मिळतात, तिशी लागताच १०५, पंचेचाळिशीला शून्य. यादीत वाट पाहता पाहताच गुण गळतात. आमच्या वयाच्या मास्तरांनी तिकडे न पाहिलेलेच बरे! उर्दू-मराठीला तर रकानाच नाही.

दोघांचे गुण सारखे आले, तर ज्याची नोंदणी आधीची, तो पुढे.