पिकाची साक्ष

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार हयात नसला म्हणजे न्यायालयास परिस्थितिजन्य पुराव्यावर विसंबावे लागते. इतिहासपूर्वकाळाविषयी तर दुसरा पुरावाच नसतो. दक्षिण इंग्लंडमध्ये अशी साक्ष शेतातील उभ्या पिकाने दिली आहे.

सुमारे 4000 वर्षांपूर्वी तेथील लोक मृताच्या थडग्याभोवती वर्तुळाकार चर खणीत आणि निघालेल्या मातीचे टेकाड थडग्यावर रचीत. पुढे शतकानुशतके नांगर फिरला आणि अनेक टेकाडे जमीनदोस्त झाली. चर बुजले, पण नाहीसे झाले नाहीत. त्यांत साचलेली माती खोल आणि ओल धरून ठेवणारी असते. म्हणून पावसाने ओढ दिली की आजूबाजूचे पीक पिवळे पडते. चरावरचे मात्र उंच व हिरवे राहते. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास त्याची आकृती कळत नाही. विमानातून पाहणाऱ्यास हिरवे कंकण स्पष्ट दिसते. 1930 नंतरच्या दशकात मेजर ॲलन यांनी ऑक्सफर्डच्या परिसरात अशा कित्येक वर्तुळांची छायाचित्रे घेतली.

ह्या साक्षीने जुने समजही खोटे ठरविले. स्टोनहेंजपासून सुमारे 3 किलोमीटरवर एक झिजलेला उंचवटा होता. ते एखादे मोठे दफन-टेकाडच असावे, अशी समजूत होती. 1925 साली वैमानिक इन्सॉल यांना तेथे वरून पांढऱ्या खुणा दिसल्या. पुढील उन्हाळ्यात गहू वाढला, तेव्हा त्यात ठिपक्यांची वर्तुळे उमटली. मॉड कनिंग्टन यांनी उत्खनन केले आणि लाकडी खांबांच्या 168 खळग्यांची, एकात एक अशी सहा कडी उघडकीस आली. त्या स्थळास वुडहेंज हे नाव पडले. टेकाडाची समजूत चुकीची ठरली; पण मध्यभागी एका लहान मुलाचे थडगे मात्र खरोखरच होते.

आपल्या 1958 च्या कायद्यातही ‘प्राचीन स्मारक’ ह्या संज्ञेत टेकाड व दफनस्थान यांचा अंतर्भाव आहे. परंतु जे जमिनीवर दिसतच नाही, त्याचे स्मारकपण सिद्ध कशाने करावयाचे? हिरवे कंकण उमटले, म्हणजे टेकाड बहुधा आधीच गेले, असे समजावे. उरतो तो चर, आणि खोल नांगरट त्याचेही काठ खरवडीत असते. म्हणून असे छायाचित्र म्हणजे नुसत्या शोधाची नोंद नव्हे. तो उरल्यासुरल्या ठेव्याचा पंचनामा आहे. तो वेळीच झाला नाही, तर पुढच्या अवर्षणात साक्ष देण्यास चरही उरणार नाही.