पत्रातली फातिमा

फेसबुकवर एका माणसाला ५,००० मित्र जोडता येतात. माझ्या खात्यावर तेवढे नाहीत. पण जे आहेत त्यातले निम्मे रस्त्यात समोर आले तर ओळखू येतील की नाही, शंकाच आहे. मग मित्र म्हणायचे कोणाला? हा प्रश्न पडला की मला १८५६ सालचे एक पत्र आठवते.

त्या वर्षी सावित्रीबाई फुले आजारी होत्या, म्हणून नायगावला माहेरी राहिल्या होत्या. वय पंचवीस. तिथून १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात सख्खा भाऊ भेटतो. महार-मांगांसाठी झटता म्हणून तुम्ही वाळीत पडलात, असे तो बहिणीला सुनावतो. सावित्रीबाई त्याला ठणकावून उत्तर देतात. त्याच पत्रात पुण्याला मागे राहिलेली एक बाईही भेटते, फातिमा. आपण नाही म्हणून तिला त्रास होत असणार, पण ती तोंडातून शब्द काढणार नाही, असा भरवसा सावित्रीबाईंना आहे.

फातिमाचा उल्लेख एवढाच. पण मैत्रीची याहून मोठी पावती कोणती?

हा भरवसा एका दिवसात आलेला नव्हता. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. पुढच्याच वर्षी लोकांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुला-सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. त्याआधी, जोतीरावांचे थांबलेले शिक्षण पुन्हा सुरू व्हावे म्हणून वडिलांची समजूत घालणाऱ्यांत गफार बेग मुन्शी हे शेजारी होते. शेजारधर्म असा पिढ्या घडवतो.

९ जानेवारी २०२२ला गूगलने फातिमा शेख यांचे चित्र झळकवले. माझ्या फोनवर शुभेच्छांचा पाऊस पडला. २०२५च्या जानेवारीत एका लेखकाने समाजमाध्यमावर जाहीर केले, की फातिमा हे पात्र आपणच रचले. तेही माझ्या फोनवर आले. पाठवणाऱ्यांत काही नावे तीच होती! वास्तविक सावित्रीबाईंचे हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात १९८८ सालीच छापलेले आहे. पुस्तक उघडून पाहायला किती वेळ लागतो?

मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. त्या दिवशी मला वाईट वाटले ते फातिमापेक्षाही त्या मित्रांचे. एकानेही फोन करून विचारले नाही, 'काय रे, हे खरे का?' दोन दिवसांनी एक जुना शाळासोबती घरी आला. त्याच्या खात्यावर मी नाही, कारण त्याचे खातेच नाही. त्याच्या पिशवीत वाचनालयातून आणलेले तेच पुस्तक होते. पान उघडून त्याने माझ्यापुढे ठेवले आणि चहा मागितला.

आपण नसताना आपले काम कोण ओढील, या प्रश्नाला एक नाव जरी सुचले, तरी पुरे. बाकीचे ओळखीचे म्हणावेत. त्यातही काही कमीपणा नाही.